होडीत न बसणारा माणूस

२०२१ सालची बकरी ईद २१ जुलैला होती. कोरोनाचे निर्बंध होते, त्यामुळे नमाज घराघरांत झाली. दुपारनंतर पाऊस वाढला आणि रात्रभर थांबलाच नाही. पहाटे आम्हाला जाग आली ती शेजारच्यांच्या हाकांनी. नदी बाजारपेठेत शिरली होती. उजाडेपर्यंत तळमजले दिसेनासे झाले. कोकणातल्या ज्या नदीकाठच्या गावचा मी आहे, त्या गावानं पूर पूर्वीही पाहिले होते, पण एवढं पाणी नाही.

त्या दोन दिवसांत आमच्या पोरांनी जे केलं त्याचा मला आजही अभिमान आहे. खाडीपट्ट्यातून दालदी आणि खारवी मच्छीमारांनी आपल्या होड्या टेम्पोत घालून आणल्या. जमातखान्यात चूल पेटली. ईदसाठी कुणाकडे जे काही साठवलेलं होतं ते सगळं तिथं आलं आणि जो येईल त्याला ताट मिळालं. नाव कुणी विचारलं नाही. हे सगळं तुम्ही ऐकलं आहे. अशा गोष्टी आपण एकमेकांना आवडीनं सांगतो. आज मात्र मला त्याच दोन दिवसांतल्या, सहसा न सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट एका गल्लीची. सकाळी दहाच्या सुमारास आमच्या व्हॉट्सॲपच्या गटावर निरोप आला की अमुक गल्लीतल्या पिवळ्या इमारतीत बाळंतीण अडकली आहे. तोच निरोप दुसऱ्या दोन गटांवरही गेला होता. तीन होड्या एकाच इमारतीकडे निघाल्या. पहिल्या होडीनं बाळंतिणीला साडेदहाला बाहेर काढलं. दुसरी आणि तिसरी तिथं पोचून रिकामी परतली. निरोप मात्र फिरतच राहिला आणि दुपारी चार वाजता आमची एक होडी पुन्हा त्याच बाळंतिणीसाठी त्याच इमारतीखाली उभी होती. त्या गल्लीच्या मागच्या बाजूला एक वृद्ध जोडपं माळ्यावर बसून होतं. त्यांच्या फोनची बॅटरी संपली होती. त्यांच्या मुलानं पुण्याहून तीन वेगवेगळ्या माणसांना सांगितलं होतं आणि तिघांनाही वाटलं की दुसरा कुणीतरी गेला असेल. रात्री नऊ वाजता सरकारी पथकाची रबरी बोट दुसऱ्याच कामाला जाताना तिकडून गेली, तेव्हा ती दोघं सुटली. ती वाचली, पण आमच्यामुळे नाही.

दुसरी गोष्ट नाक्याची. पाणी ओसरल्यावर पिण्याचं पाणी आणि पाव घेऊन आमचा टेम्पो निघाला. नाक्यावर पोलिसांनी अडवला. कुणाचा टेम्पो, कुठे चाललात, कुणी सांगितलं? मागे दहा पोरं, त्यातली निम्मी टोपी घातलेली. दीड तास आम्ही उभे होतो. तेवढ्यात एका गणेश मंडळाची गाडी आली आणि दोन मिनिटांत पुढे गेली. आमच्या टेम्पोत त्या वेळी काय बोललं गेलं ते तुम्हाला सांगायला नको. मीही तेच बोललो.

आठवड्यानं कळलं की त्या मंडळाचे एक निवृत्त एसटी कंडक्टर पहिल्या दिवशी सकाळपासून तहसील कचेरीत जाऊन बसले होते. त्यांनी आपल्या गाड्यांचे नंबर, चालकांची नावं, माल काय आणि तो कुठे जाणार हे लिहून दिलं होतं. नाक्यावरच्या शिपायाच्या हातात जी यादी होती तिच्यात त्यांची गाडी होती, आमची नव्हती. आमच्याकडून कचेरीत कुणीच गेलं नव्हतं. सगळे होडीत होते.

यावरून टोपीकडे कुणी पाहिलंच नाही असा निष्कर्ष मी काढत नाही. पाहिलं असेल. तो अनुभव आपल्याला नवा नाही आणि त्याविरुद्ध बोलणं आपण थांबवणारही नाही. पण त्या दिवशी आमचा टेम्पो सोडवायला जी गोष्ट पुरेशी ठरली असती, ती आम्ही केली नव्हती हेही तितकंच खरं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तरुणांनी या दोन्ही सांभाळायला शिकलं पाहिजे, म्हणून हा लेख.

त्या कंडक्टरसाहेबांनी जे केलं त्याला एक नाव आहे. आपत्तीच्या व्यवस्थापनात त्याला संपर्क अधिकारी म्हणतात. लायझन ऑफिसर हा शब्द तुम्ही ऐकला असेल. आपल्याकडे ‘लायझनिंग’ म्हटलं की मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणारा, फायली सरकवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. इथं तो अर्थ नाही. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, महसूल खातं, वीज मंडळ, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि स्वयंसेवी संस्था हे सगळे एका जागी येतात, तेव्हा एकाकडची खबर दुसऱ्याकडे वेळेत आणि जशीच्या तशी पोचवणं एवढंच या माणसाचं काम असतं.

हे पद आपल्याकडे कागदावर नीट लिहिलेलं आहे. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. २०१० साली राष्ट्रीय प्राधिकरणानं ‘इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिम’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. घटनास्थळाचा जो प्रमुख असेल, त्याच्या हाताशी थेट तीन माणसं असावीत असं त्यात म्हटलं आहे. एक माहिती आणि माध्यमं सांभाळणारा, एक बचाव करणाऱ्यांच्या सुरक्षेकडे पाहणारा आणि तिसरा संपर्क अधिकारी. घटनास्थळी कोणकोणत्या यंत्रणा आणि संस्था आल्या आहेत, त्या कुठे आहेत, त्यांच्याकडे काय साधनं आहेत, याची यादी ठेवणं आणि प्रमुखाला ते सांगत राहणं हे त्याचं काम. त्यात स्वयंसेवी संस्थाही येतात. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांनी कुणाकडे जायचं, याचं उत्तर दहा-बारा वर्षं आधीच लिहून ठेवलेलं होतं. आमच्या गावात ते ना आम्हाला माहीत होतं, ना बहुधा ज्याच्याकडे हे काम असायला हवं होतं त्याला.

एवढ्याशा कामासाठी अधिकारी कशाला, त्याला प्रशिक्षण कशाला, असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटलं असतं. पण हे काम झालं नाही तर काय होतं, हे पाहायला एक प्रकरण वाचण्यासारखं आहे. ते घडलं अशा देशात, जिथं पैसा, गाड्या, बिनतारी यंत्रणा आणि प्रशिक्षित माणसं सगळं होतं.

२२ मे २०१७. इंग्लंडमधलं मँचेस्टर शहर. अरियाना ग्रांडे या गायिकेचा कार्यक्रम संपून लोक बाहेर पडत होते. त्यात लहान मुली आणि त्यांना न्यायला आलेले आईबाप पुष्कळ होते. रात्री १०.३१ला बाहेरच्या दालनात एका २२ वर्षांच्या तरुणानं स्वतःसकट बॉम्ब उडवला. त्यात २२ निरपराध माणसं मारली गेली, शेकडो जखमी झाली. तो तरुण आपल्या धर्माचं नाव घेत होता. त्याबद्दल आपलं म्हणणं स्पष्ट आहे आणि त्याला ‘पण’ जोडण्याची गरज नाही. ते दुष्ट कृत्य होतं.

मला सांगायचं आहे ते पुढच्या दोन तासांविषयी. त्या सभागृहापासून जेमतेम अर्ध्या मैलावर अग्निशमन केंद्र होतं. तिथल्या काही जवानांनी स्फोटाचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला. त्यांच्याकडे स्ट्रेचर होती, प्रथमोपचाराचं साहित्य होतं, जखमी माणसं उचलून आणण्याचं प्रशिक्षण होतं. तरीही अग्निशमन दलाची पहिली तुकडी घटनास्थळी पोचली ती रात्री १२.३७ला. दोन तास सहा मिनिटांनी.

का? ब्रिटनच्या अग्निशमन दलांमध्ये आंतरयंत्रणा संपर्क अधिकारी असतात. अशा प्रसंगी पोलिसांशी आणि रुग्णवाहिका सेवेशी बोलून आपली माणसं कुठे पाठवायची हे सांगण्यासाठी त्यांना खास तयार केलेलं असतं. त्या रात्री जो अधिकारी कामावर होता, त्यानं पोलिसांच्या नियंत्रण कक्षातल्या मुख्य अधिकाऱ्याला फोन लावला. फोन लागेना. हल्लेखोर बंदुका घेऊन अजून फिरत असतील ही भीती होती. आपली माणसं मरणाच्या तोंडी द्यायची नाहीत म्हणून त्यानं गाड्यांना सभागृहापासून सुमारे तीन मैल दूर असलेल्या दुसऱ्या केंद्रावर जमायला सांगितलं. माणूस भित्रा नव्हता. त्याच्याकडे खबर नव्हती, एवढंच.

तिकडे पोलिसांच्या त्या एका अधिकाऱ्यावर इतकी कामं एकदम पडली होती की त्याचा फोन सतत व्यस्त होता. सशस्त्र हल्लेखोर मोकळे असू शकतात असं धरून जी योजना लागू करतात, ती त्यानं लागू केली. पण ही गोष्ट अग्निशमन दलाला आणि रुग्णवाहिका सेवेला कळवली नाही. सगळ्यांनी मिळून कुठे जमायचं, याची एक जागा ठरलीच नाही. पोलीस एकीकडे, रुग्णवाहिका दुसरीकडे, अग्निशमन तिसरीकडे. पहिली सुमारे चाळीस मिनिटं त्या दालनात एकच पॅरामेडिक होता. जखमी तिथून हलवले जाईपर्यंत आत गेलेले पॅरामेडिक एकूण तीन. पोलीस, सभागृहाचे कर्मचारी आणि साधे नागरिक जखमींना जाहिरातींच्या फलकांवर आणि लोखंडी कठड्यांवर घालून खाली नेत होते. ज्यांच्याकडे स्ट्रेचर होती ते तीन मैलांवर हुकमाची वाट पाहत होते.

सर जॉन सॉन्डर्स यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली. बचावकार्याविषयीचा तिचा खंड नोव्हेंबर २०२२मध्ये आला. मृतांपैकी एक माणूस नीट मदत मिळाली असती तर बहुधा वाचला असता, असा निष्कर्ष त्यात आहे. एका मुलीबाबत वाचण्याची अगदी पुसट शक्यता होती, असंही म्हटलं आहे. ती आठ वर्षांची होती. व्यस्त असलेल्या फोनची किंमत मोजायची झाली तर ती अशी मोजावी लागते.

या प्रकरणात आपल्यासाठी आणखी एक धडा आहे. स्फोटाच्या वर्षभर आधी, मे २०१६मध्ये, मँचेस्टरमध्ये दहशतवादी हल्ल्याची मोठी रंगीत तालीम झाली होती. त्यात आत्मघाती हल्लेखोराची भूमिका करणाऱ्या माणसाला ‘अल्लाहु अकबर’ अशी आरोळी ठोकायला लावली. त्यावर टीका झाली, ती योग्यच होती, आणि पोलिसांनी जाहीर माफी मागितली. तालमीच्या बातम्यांत तीच आरोळी गाजली. पण त्याच तालमीत आणखी एक गोष्ट दिसली होती. पोलिसांकडून इतर यंत्रणांना निरोप पोचायला उशीर होत होता. हा दोष त्यानंतर दुरुस्त झाला नाही आणि वर्षभरानं खऱ्या रक्तात तोच पुन्हा दिसला. तालमीतला अपमान बोलून दाखवायला माणसं होती. तालमीतली चूक धसाला लावायला पुरेशी नव्हती. आपण पहिलं काम करतोच. दुसऱ्या कामासाठीही आपल्यातून माणसं तयार व्हायला हवीत, कारण पूर आला किंवा इमारत पडली की त्या चुकीखाली आपणही सापडतो.

आता प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. ब्रिटनमध्ये २०१२पासून या यंत्रणांच्या एकत्र प्रशिक्षणाचा कार्यक्रम चालू आहे. त्याची तत्त्वं साधी आहेत. प्रमुखांनी एका जागी उभं राहायचं. साध्या भाषेत बोलायचं, आपापल्या खात्याचे सांकेतिक शब्द वापरायचे नाहीत. काम मिळून ठरवायचं. धोका काय आहे हे मिळून समजून घ्यायचं. आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर परिस्थितीचं एकच चित्र आहे ना, हे तपासत राहायचं. मँचेस्टरमध्ये हे सगळं पुस्तकात होतं. ज्यांनी ते पाळायचं त्यांनी ते एकत्र बसून पुरेसं गिरवलं नव्हतं. वाचलेलं आणि गिरवलेलं यांतला फरक आपल्याला मदरशातल्या सबकापासून माहीत आहे.

यातली पहिली शिकवण निरोपाची. पहिला निरोप देताना ठरलेल्या सात गोष्टी ठरलेल्या क्रमानं सांगायच्या असतात. मोठी आपत्ती आहे की नाही, नेमकी जागा कोणती, काय घडलं, धोके कोणते, यायची वाट कोणती, माणसं किती, आणि कोणत्या यंत्रणा आल्या आहेत व कोणत्या हव्या आहेत. आमच्या गटावर आलेला निरोप आठवून पाहा. ‘पिवळी इमारत, बाळंतीण अडकली, लवकर जा, पुढे पाठवा.’ किती वाजताचा निरोप? माणसं किती? कोणता मजला? कुणी निघालं आहे का? यातलं काहीच नव्हतं. म्हणून एका बाळंतिणीसाठी चार होड्या गेल्या.

दुसरी शिकवण समोरच्याचं काम जाणण्याची. अग्निशमनवाल्याला काय जमतं आणि काय जमत नाही, रुग्णवाहिका कुठवर येऊ शकते, वीज बंद करायचा अधिकार कुणाकडे आहे, धरणाचं पाणी सोडण्याची सूचना कुणाकडून येते. हे पुराच्या दिवशी विचारून चालत नाही. संपर्क अधिकाऱ्याला या सगळ्यांच्या कचेऱ्यांत आधी बसवतात, चहा प्यायला लावतात, चेहरे ओळखीचे करून घेतात. ओळखीचा आवाज असला की माणूस फोन उचलतो आणि उचलला की ऐकतो.

तिसरी शिकवण लिहून ठेवण्याची. कोणता निरोप किती वाजता आला, कुणाला दिला, त्यानं काय सांगितलं, काम पुरं झालं का. काम झालं की निरोप बंद करायचा. आमचा निरोप कुणी बंद केलाच नाही, म्हणून तो चार वाजेपर्यंत फिरला.

चौथी शिकवण सगळ्यांत अवघड, विशेषतः आपल्या पोरांसाठी. या माणसानं होडीत बसायचं नाही. समोर कुणी हाका मारत असेल, हात शिवशिवत असतील, तरी त्यानं फोन आणि वही सोडायची नाही. तो होडीत चढला की सगळ्या होड्या आंधळ्या होतात. आणि मँचेस्टरमध्ये दिसलं तसं सगळा भार एकाच माणसावर टाकायचा नाही. त्याला जोडीदार हवा, दुसरा फोन हवा, आणि पहिला फोन लागला नाही तर काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं.

असं न चढणारं एक माणूस आमच्याकडे होतं. माझी मामेबहीण. तेव्हा ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला होडीत कुणी घेतलं नसतंच, म्हणून ती जमातखान्याच्या जिन्यावर भावाची जुनी शाळेची वही घेऊन बसली. दुपारी तिनं उभ्या रेघा मारल्या. नाव, घर, माणसं किती, आजारी कोण, निरोप किती वाजता आला, कोण गेलं, सुटले का. संध्याकाळपर्यंत सगळे तिलाच विचारू लागले. आपली पोरं तर विचारत होतीच, पण दोन गल्ल्या पलीकडच्या मंडळाची पोरंही येऊन विचारून जात होती. त्या माळ्यावरच्या जोडप्याचं नाव तिच्या वहीत सहा वाजता लिहिलेलं होतं, पुढे ‘कोण गेलं’ हा रकाना कोरा. ती तो कोरा रकाना प्रत्येकाला दाखवत होती. आमच्यातल्या एकानंही थांबून तिचं ऐकलं नाही. मीही नाही. मला वाटलं, मुलगी घाबरली आहे.

महिन्याभरानं सत्कार झाला. शाल आणि श्रीफळ होडीवाल्यांना मिळालं. मलाही मिळालं. वहीचं नाव कुणी काढलं नाही आणि मदत समितीत तिला घेतलं गेलं नाही. ज्या संस्थेनं हा सत्कार केला तिच्यात मी होतो, म्हणून तिच्यावर बोट ठेवताना ते माझ्याकडेही वळतं.

आता अविश्वासाविषयी. आपल्यातले बरेच जण म्हणतील की कचेरीत जाऊन नाव कशाला लिहून द्यायचं? उद्या ती यादी कशासाठी वापरतील? ही भीती हवेतून आलेली नाही आणि मी तिची चेष्टा करणार नाही. पण भीतीपोटी आपण बाहेर राहिलो तर दोन गोष्टी होतात. आपलं मदतकार्य, ते कितीही मोठं असो, सरकारी चित्रात उमटत नाही. आणि आपल्या मोहल्ल्याची गरजही त्या चित्रात उमटत नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत ज्या वस्तीचं माणूस नसतं, त्या वस्तीत होडी शेवटी पोचते. बैठकीला जाणं हा कुणी केलेला उपकार नाही, नागरिक म्हणून तो आपला हक्क आहे. संविधानानं दिलेले हक्क आपण मोर्चात मागतो. तेच पावसाळ्यापूर्वीच्या आढावा बैठकीतही मागायला हवेत.

प्रशासनालाही सांगायचं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तालुक्यात बैठक होते. तिला कोणाकोणाला बोलावता? क्लब, मंडळं, व्यापारी संघ यांना बोलावता, ते बरोबरच आहे. मग मशिदीचा ट्रस्ट, जमात, बौद्धवाडीतली संस्था, आदिवासी वाडीतला बचत गट, खाडीकाठच्या मच्छीमारांची सोसायटी यांना का नाही? होड्या तर मच्छीमारांकडेच आहेत. नाक्यावरच्या शिपायाच्या हातातली यादी अपुरी असेल तर दोष शिपायाचा नाही, यादी करणाऱ्यांचा आहे.

एक धोकाही सांगून ठेवतो. संपर्क करणारा माणूस समाजाचा ठेकेदार होता कामा नये. ‘आमच्या लोकांचं काही असेल तर माझ्याशी बोला’ असं म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत. ते निवडणुकीतही येतात आणि पुरातही येतात. आपल्याला हवा आहे तो माणूस खबर वाहून नेतो, अडवून ठेवत नाही. त्याची वही सगळ्यांना उघडी असते. तो दरवर्षी बदलता येतो. आणि त्याच्या वहीत पिवळ्या इमारतीतलं माणूस कोणत्या धर्माचं हा रकाना नसतो.

मग करायचं काय? जून उजाडण्याआधी चार कामं करता येतील. प्रत्येक मोहल्ल्यातून दोन नावं ठरवा, त्यातलं एक मुलीचं असू द्या. तहसील कचेरीत जाऊन विचारा की आपल्या तालुक्याचा आपत्ती आराखडा कुठे आहे आणि त्यात संपर्क अधिकारी म्हणून कुणाचं नाव आहे. तो आराखडा नागरिकांसाठी आहे, तुम्ही तो मागू शकता. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि आणीबाणीचा ११२ हे क्रमांक भिंतीवर लिहाच, पण त्याखाली त्या माणसाचं नाव आणि नंबरही लिहा. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत ३५० जिल्ह्यांतल्या एक लाख स्वयंसेवकांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं होतं. १८ ते ४० वयाच्या नागरिकांसाठी १२ दिवसांचा अभ्यासक्रम होता. तुमच्या जिल्ह्यात पुढची तुकडी कधी आहे, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात विचारा आणि नावं द्या. आणि चौथं काम म्हणजे, एका रविवारी जमातखान्यात बसून खोटा पूर आणा. शेजारच्या मंडळाला बोलवा, ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या माणसाला बोलवा. टेबलावर गावाचा नकाशा पसरा. एकानं निरोप द्यायचे, एकानं वही सांभाळायची, बाकीच्यांनी होड्या हलवायच्या. मधेच एक फोन बंद पाडा आणि काय होतं ते पाहा. खर्च चहाचा.

गेल्या वर्षी आम्ही असा रविवार केला. मामेबहीण आता नोकरीला लागली आहे, ती मुद्दाम सुट्टी काढून आली. येताना ती जुनी वही घेऊन आली होती. चिखलानं पानं एकमेकांना चिकटली होती, पण ते पान उघडलं. नाव, घर, ‘माणसं दोन’, ‘निरोप सहा वाजता’, आणि पुढचा रकाना कोरा. मंडळाचे ते निवृत्त कंडक्टरही आले होते. त्यांनी चष्मा लावून ते पान बराच वेळ पाहिलं आणि तिला म्हणाले, “पोरी, तू त्या दिवशी कचेरीत माझ्या शेजारी असायला हवी होतीस.”

या पावसाळ्यात तालुक्याच्या आढावा बैठकीला ती जाणार आहे. मी होडीत असेन. ती जिथं पाठवेल तिथं जाईन.